बेळगावचा मासळी बाजार आणि दूरचा समुद्र

बेळगावातून समुद्र दिसत नसला तरी तो रोज बर्फाच्या पेट्यांतून घाट चढून आपल्या बाजारात येतो. कारवार, गोवा, वेंगुर्ला आणि मालवण या भागांतली मासळी आपण हक्काने घेतो, भावात घासाघीस करतो, आणि समुद्राचे रक्षण हा मात्र किनाऱ्यावरच्या लोकांचा प्रश्न आहे असे समजून निश्चिंत राहतो. मला हे पटत नाही. समुद्राची जी हानी चालली आहे, तिला घाटावरच्या गिऱ्हाइकाची मागणीही कारणीभूत आहे आणि घाटावरून वाहत जाणारे पाणीही.

प्रथम मागणीविषयी. तळहातावर मावतील एवढे बांगडे वाटे लावून ठेवलेले आपल्या बाजारात सर्रास दिसतात. इतके लहान बांगडे कशाला आणता, असे एका विक्रेत्या बाईंना विचारले, तेव्हा त्यांनी सरळ उत्तर दिले, “अक्का, बारक्याचा काटा मऊ असतो, पोरं खातात. आणि मोठा परवडतो कुणाला?” त्यांचे म्हणणे व्यवहाराला धरून होते. परंतु त्या आकाराच्या बांगड्याने आयुष्यात एकदाही अंडी घातलेली नसतात, आणि असे मासे पेट्याच्या पेट्या भरून निघू लागले की पुढच्या हंगामात जाळ्यात काय येणार, हे सांगायला तज्ज्ञाची गरज नाही. मी घेतले नाहीत म्हणून ते बांगडे पुन्हा जिवंत होणार नाहीत, ते कदाचित फिशमीलच्या, म्हणजे माशांची भुकटी करणाऱ्या, कारखान्यात जातील, हेही मला ठाऊक आहे. तरीही कारखान्यात मिळणारा भाव ताटासाठी मिळणाऱ्या भावापेक्षा बराच कमी असतो, आणि बारीक मासळी पकडण्याचा मोह त्या अंतरानेच थोडाफार आवरला जातो.

नियम नाहीत असे नाही. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याजोगा किमान आकार ठरवून दिला. रात्री समुद्रावर एलईडीचे प्रखर दिवे लावले की आसपासची सगळी मासळी, लहानमोठी, खाण्याची आणि न खाण्याची, उजेडाकडे ओढली जाते. त्या पद्धतीवर केंद्र सरकारने २०१७ मध्येच बंदी घातली आहे. मात्र अथांग पाण्यावर गस्त घालणारी माणसे आणि नौका मोजक्याच असतात, त्यामुळे नियम कागदावर आणि दिवे समुद्रावर अशी स्थिती अनेकदा दिसते, आणि रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे जाळे, ओढणाऱ्या पारंपरिक मच्छीमारांची तक्रार नेमकी हीच असते. तारलीचे उदाहरण तर डोळ्यांत अंजन घालणारे आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या नोंदींनुसार केरळात २०१२ मध्ये सुमारे ४ लाख टन तारली मिळाली होती, ती २०२१ मध्ये साडेतीन हजार टनांच्याही खाली आली. त्यामागे समुद्राच्या बदलत्या तापमानाचा मोठा भाग होता, पण संकटात सापडलेल्या माशाची पिल्लेही उपसत राहिलो तर त्याला सावरायला अवधी मिळत नाही.

मोरीच्या बाबतीत मला अधिक काळजी वाटते. मोरीचे तिखट कालवण आपल्याकडे बाळंतिणीलाही आवर्जून दिले जाते, त्यामुळे ती शार्क आहे हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. बांगडा हजारो अंडी घालतो. शार्कच्या अनेक जाती मात्र वयात यायला कित्येक वर्षे घेतात आणि मोजकीच पिल्ले देतात. व्हेल शार्कला २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, आणि पुढे आणखी काही शार्क व पाकटांनाही ते मिळाले. मात्र तुकडे करून विकायला ठेवलेल्या माशाची जात ओळखणार कोण? मी मोरी घेणे बंद केले आहे, आणि घरात त्यावरून अजून कुरबुर चालते.

आता पाण्याविषयी. खानापूर तालुक्यात पावसाचे पाणी दोन समुद्रांना वाटले जाते. कणकुंबीला उगम पावलेली मलप्रभा पूर्वेकडे जाऊन कृष्णेला मिळते आणि तिचे पाणी बंगालच्या उपसागराकडे जाते. त्याच तालुक्यातली म्हादई गोव्यात मांडवी होऊन अरबी समुद्राला मिळते. पूर्वेकडच्या वाटेवर एकामागून एक धरणे असल्याने बराच कचरा वाटेतच अडतो. पश्चिमेकडची वाट आखूड आणि उताराची आहे. चोर्ला घाटाच्या वळणावर गाडीतून भिरकावलेली पाण्याची बाटली पावसाळ्यात ओढ्यातून वाळवंटी नदीत आणि तिथून मांडवीत जायला फार वेळ लागत नाही. पूर ओसरल्यावर बेळगावजवळच्या बळ्ळारी नाल्याकाठच्या शिवारात भाताच्या लोंबींना गुंडाळून बसलेल्या पिशव्या ज्यांनी हाताने सोडवल्या आहेत, त्यांना मांडवीच्या मुखाशी खारफुटीच्या मुळांत काय अडकत असेल हे सांगावे लागणार नाही.

म्हादईच्या पाणीवाटपाचा वाद लवादाने २०१८ मध्ये निवाडा दिल्यानंतरही मिटलेला नाही, आणि त्यात शिरण्याचा माझा हेतू नाही. पिण्याच्या पाण्याची गरज खरीच आहे. पण या चर्चेत “पाणी समुद्रात वाया जाते” असे जे सहज बोलले जाते, ते चुकीचे आहे. नदीबरोबर गाळ आणि पोषकद्रव्ये जातात, गोडे आणि खारे पाणी मिसळते, आणि समुद्रात जन्मलेली कोळंबीची पिल्ले वाढण्यासाठी अशाच खाडीत शिरतात. जी सुंगटे, म्हणजे कोळंबी, आपण चवीने खातो, ती याच “वाया गेलेल्या” पाण्यावर पोसलेली असतात.

राहता राहिला आषाढ. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, कारण पावसाळा हा बहुतेक माशांच्या विणीचा काळ आहे, आणि नेमकी तेव्हाच आपल्याला श्रावण लागण्याआधी वशाट खाऊन घेण्याची घाई असते. त्या दिवसांत आमच्या घरी आता हिडकल आणि नविलुतीर्थ धरणांतली रोहू, कटला किंवा मरळ येते. रोहूच्या बारीक काट्यांमुळे मुले नाक मुरडतात, मग तिच्या पाठीला एकमेकींच्या जवळ चिरा देऊन, आमसुलाचे आगळ आणि तिखट चोळून ती कडक तळावी लागते.