विंचची मोटर पाणी कसे ओढून घेते

पावसाळ्यापूर्वी ऑफ-रोडिंगच्या गाडीला विंच (रुतलेली गाडी दोराने ओढून काढणारे मोटरचे यंत्र) बसवताना बहुतेक जण दोनच आकडे विचारतात: ओढण्याची क्षमता आणि आयपी, म्हणजे धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा. पहिल्याचा उलगडा सोपा आहे. ९,५०० पौंडांची, म्हणजे सुमारे ४,३०० किलोंची विंच तेवढा जोर दोर गुंडाळायच्या ड्रमवर दोराचा एकच थर उरलेला असताना देते. थर वाढतात तसा जोर घटतो. कप्पी लावल्यास ओढ जवळजवळ दुप्पट होते आणि वेग निम्म्यावर येतो. दुसरा आकडा मात्र फसवा आहे.

आयपी ६७ म्हणजे १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे ठेवूनही अपाय होईल इतके पाणी आत शिरत नाही. मात्र चाचणीच्या वेळी वस्तू आणि पाणी यांच्या तापमानात ५ अंशांहून जास्त फरक नसावा, अशी त्या मानकाचीच अट आहे, आणि ओढ्यात रुतलेल्या गाडीला ही अट ठाऊक नसते. पूर्ण भारावर १२ व्होल्टची मोटर ४०० अँपिअरच्या आसपास प्रवाह घेते आणि त्यातला बराच भाग पंखा नसलेल्या बंद कवचात उष्णता होऊन साठतो. अशी १०० अंशांपर्यंत तापलेली मोटर २५ अंशांच्या पाण्यात बुडून गार झाली, तर आतल्या हवेचा दाब सुमारे एक पंचमांशाने उतरतो. गरम भाजीचा डबा घट्ट लावला की झाकण आत ओढले जाऊन उघडेनासे होते, तोच हा प्रकार. हिशेब मांडला तर ही ओढ सुमारे २ मीटर खोल पाण्याच्या दाबाइतकी भरते. म्हणजे विंच जेमतेम बुडाली तरी तिच्या सीलवर मानकातल्या खोलीच्या दुप्पट मारा होतो.

गोड्या पाण्याने मोटर सहसा लगेच बंद पडत नाही, त्यामुळे मालक निश्चिंत राहतो. दरम्यान ब्रशच्या (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या कार्बनच्या ठोकळ्यांच्या) झिजेतून साठलेल्या कार्बनच्या भुकटीचा लगदा होतो, ब्रश खोबणीत अडकतात, बेअरिंग गंजते आणि पुढच्या वेळी बटण दाबल्यावर सोलेनॉइडची (मोटरचा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या विद्युत स्विचची) नुसती टकटक ऐकू येते. खाडीचे खारे पाणी असेल तर बॅटरीला थेट जोडलेले पॉझिटिव्ह टर्मिनल झपाट्याने झिजते. म्हणून बॅटरीजवळ कट-ऑफ स्विच हवाच.

सांध्यांवर सिलिकॉन फासून मोटर ‘पूर्ण बंद’ करण्याचा घरगुती उपाय मला पटत नाही, कारण फिरत्या शाफ्टची वाट तशीच राहते आणि आत आलेले पाणी बाहेर पडायला जागा उरत नाही. मलेशियात १९९७ साली सुरू झालेली आणि २०१४ साली भर पावसात गोव्यात आलेली रेनफॉरेस्ट चॅलेंज ज्या जातीची आहे, त्या जातीच्या स्पर्धांसाठी गाड्या बांधणारे डिफरन्शियलप्रमाणे (चाकांमधल्या गिअरपेटीप्रमाणे) विंचच्या मोटरीलाही ब्रीदर पाइप, म्हणजे हवा आत-बाहेर जाऊ देणारी नळी, जोडतात आणि त्याचे तोंड पाण्याच्या पातळीच्या बरेच वर ठेवतात. मोटर गार होताना पाण्याऐवजी हवा ओढते. सोलेनॉइडची पेटीही बंपरवरून काढून बॉनेटखाली उंचावर न्यावी.

ज्यांना एवढे करायचे नाही त्यांनी निदान पाण्यात उतरण्यापूर्वी विंच वापरली असेल तर ती निवू द्यावी, आणि घरी आल्यावर दोर सोडून हलक्या भाराखाली परत गुंडाळावा, म्हणजे मोटर कोमट होऊन आतली ओल सुकेल. मग तळाशी ड्रेन प्लग असल्यास तो काढून ठेवावा.