हरिश्चंद्रगडावर तीन छोटे कॅमेरे

सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात पाचनईहून हरिश्चंद्रगड केला. पाऊस ओसरत आलेला, पठारावर सोनकी ऐन भरात, आणि आम्हा तिघांकडे तीन वेगळ्या जातीचे खिशातले कॅमेरे. माझा एक इंची सेन्सरचा (सेन्सर म्हणजे प्रकाश टिपणारी चकती), २४-७० मिमी, म्हणजे सुमारे तिप्पट झूमचा. मित्राचा पाण्यात चालणारा, दणकट. त्याच्या बहिणीचा लहान सेन्सरचा, पण तीसपट झूमवाला. ‘ट्रेकसाठी छोटा कॅमेरा कुठला घेऊ?’ असं बरेच जण विचारतात, म्हणून वाटेच्या क्रमानेच लिहितो. कॅमेऱ्याचं पाणी वाटेवरच कळतं.

पाचनई सोडली की वाट थोड्याच वेळात कड्याच्या पोटातून आडवी जाते. डोक्यावर कातळाचं छप्पर, वरून ठिबकणारं पाणी, पायाखाली शेवाळ. इथे कॅमेरा सॅकमध्ये असला तर तो घरी ठेवल्यासारखाच. सॅक उतरवा, पावसाचं कव्हर काढा, चेन उघडा, तोवर खेकडा कपारीत आणि सोबतचे पुढच्या वळणावर. सॅकच्या खांद्याच्या पट्ट्याला छातीच्या उंचीवर एक छोटं पाउच अडकवा आणि कॅमेरा त्यातच ठेवा. साधारण तीनशे ग्रॅमपर्यंतचा कॅमेरा तिथे जाणवत नाही. चारशेच्या पुढे गेला की चढावर पट्टा एका बाजूला ओढायला लागतो.

विकत घेण्याआधी एक चाचणी जरूर करा. डाव्या हातात काठी आहे असं समजायचं आणि एकट्या उजव्या हाताने कॅमेरा काढायचा, चालू करायचा, झूम करायचा, परत ठेवायचा. हे जमत नसेल तर बाकीचे गुण वाचायचे कष्ट घेऊ नका. पुढे बोटांना उंचवटा नसलेले गुळगुळीत कॅमेरे ओल्या हातातून सटकतात. दिसायला तेच सुंदर असतात, हे दुर्दैव.

पठारावर पोचल्यावर खरी परीक्षा सुरू झाली. सोनकी, तेरडा, कवला ही फुलं कुठल्याही कॅमेऱ्यात येतात. पण ओल्या कातळावर सीतेची आसवं आणि गेंद असतात, शोधलं तर दवबिंदू ही कीटकभक्षी वनस्पतीही सापडते. सीतेच्या आसवांचं एक फूल सेंटिमीटरभरही नसतं. इथे झूमचे आकडे कामाला येत नाहीत. कॅमेरा किती जवळून फोकस करतो, आणि झूमच्या कुठल्या टोकाला करतो, हे बघावं लागतं.

जाहिरातीत ‘५ सेंमी मॅक्रो’ (अगदी जवळून फोटो) लिहिलेलं असतं ते जवळजवळ नेहमी वाइड टोकाचं, म्हणजे झूम न करता. वाइडला पाच सेंटिमीटरवर गेलं की फूल मोठं दिसतं खरं, पण मागचं अर्धं पठार, मित्राचे बूट, सगळंच चौकटीत येतं. शिवाय लेन्सची सावली फुलावर पडते. सोनीच्या आरएक्स१०० मालिकेत हा फरक चांगला कळतो. मार्क पाचची लेन्स २४-७० मिमीची. तिचं फोकस वाइडला ५ सेंमीवर, टेलीला (पूर्ण झूमवर) ३० सेंमीवर. मार्क सातची २४-२०० मिमीची. तिथे वाइडला ८ सेंमी, टेलीला सुमारे १ मीटर. दोन्हींचा सेन्सर एकाच मापाचा. पक्ष्यांसाठी दुसरा बरा, पण कातळावरच्या बारीक फुलांसाठी निवड करताना हे आकडे समोर ठेवावेत. तपशिलाच्या तक्त्यात अगदी खाली, बारीक अक्षरात असतात.

मित्राच्या दणकट कॅमेऱ्याने इथे आम्हा दोघांना गप्प केलं. ऑलिम्पसचा टीजी-६ किंवा त्यानंतर आलेला ओएम सिस्टिमचा टीजी-७ हे या जातीचे प्रसिद्ध नमुने: लेन्सपासून १ सेंमीवर फोकस, रॉ (प्रक्रिया न केलेली मूळ) फाइल, १५ मीटर खोल पाण्यापर्यंत सुरक्षित. सेन्सर मात्र १/२.३ इंची, म्हणजे सुमारे ६.२ × ४.६ मिमी, एक इंची म्हणवला जाणारा सेन्सर १३.२ × ८.८ मिमी, क्षेत्रफळात चौपट. पण बारीक फुलांपुरता हाच लहान सेन्सर फायद्याचा. चौकट तीच आणि एफ आकडाही (लेन्सच्या छिद्राचं माप) तोच ठेवला, तर त्यात फुलाचा जास्त भाग एका वेळी स्पष्ट राहतो. मोठ्या सेन्सरवर तेवढी स्पष्टता मिळवायला छिद्र लहान करावं लागतं, मग शटर मंदावतं, आणि गडावरचा वारा काही आपल्यासाठी थांबत नाही.

फुलांसाठी आणखी दोन गोष्टी. शटर १/२५० सेकंदापेक्षा मंद होऊ देऊ नका, उजेड कमी पडला तर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) वाढवा. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही. आणि सोनकीचा पिवळा रंग उन्हात लगेच फाटतो (बारकावे जातात), म्हणून एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) १/३ ते २/३ ने उतरवा. उतरवायचं बटण मेनूत तीन पायऱ्या आत असलेला कॅमेरा मी तरी घेणार नाही. हो, फुलांच्या गालिच्यात लोळून फोटो काढू नका. कातळाच्या कडेला बसून मिळणारी फुलं पुरेशी असतात.

केदारेश्वराच्या गुहेत हिशेब उलटला. चार खांबांपैकी एकच शाबूत, मध्ये शिवलिंग, भोवती कमरेएवढं गार पाणी, आणि उजेड जेमतेम. एफ १.८ ची लेन्स आणि एक इंची सेन्सर असल्याने माझा कॅमेरा हातात धरूनही चालला. तीसपट झूमवाल्यात दगडाचा पोत पार पुसला गेला. गुहा, पहाट, दाट झाडी हे तुमचे आवडते विषय असतील तर लहान सेन्सरवर समाधान मानू नका. पाणी रेशमासारखं उतरवायची हौस असेल तर आत एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी काच) असलेला कॅमेरा शोधा. आरएक्स१०० च्या मार्क पाचमध्ये तो आहे, सातमध्ये नाही. कॅननच्या जी७ एक्स मार्क तीनमध्ये आहे. या छोट्या लेन्सना बाहेरून फिल्टर लावायची सोय बहुधा नसते.

मुक्काम पठारावर केला, कारण कोकणकडा सकाळी बघायचा होता. कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी सूर्य पाठीशी आणि दरीत धुकं असं जुळून आलं, तर गोल इंद्रधनुष्याच्या मधोमध आपलीच सावली दिसते. हेच ते इंद्रवज्र. ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्सने केलेली इथल्या इंद्रवज्राची नोंद १८३५ सालची आहे. आम्हाला ते अर्धवट, काही मिनिटं दिसलं.

तेवढ्यात काय झालं ते सांगतो. धुक्यात पकडायला काहीच नसल्याने झूमवाल्याचं ऑटोफोकस पुढे-मागे घुटमळत राहिलं आणि कडं विरून गेलं. मी कड्याच्या दूरच्या कातळावर फोकस धरून ठेवला होता, म्हणून मिळालं. म्हणून मॅन्युअल फोकस किंवा निदान ‘अनंत’ (खूप दूरवर फोकस) अशी सोय कॅमेऱ्यात आहे का, हे घेताना बघाच. एरवी धुक्यात एक्स्पोजर २/३ ने चढवावं, नाहीतर सगळं राखाडी येतं. इंद्रवज्राला मात्र चढवू नका, रंग धुऊन जातात. आणि कड्याच्या टोकाशी पालथं पडूनच पुढे सरका, कॅमेऱ्याचा पट्टा मनगटात ठेवा. वारा भणाणत असतो.

झूमवाल्याला अगदीच नावं ठेवणार नाही. उतरताना कारवीच्या झुडपात एक चापडा वेटोळं घालून बसलेला दिसला. हा विषारी साप. इथे एक सेंटिमीटरवाला मॅक्रो काय कामाचा? वाटेवरूनच, दोन-तीन मीटर अंतर राखून, बहिणीने काढलेला फोटो आमच्या तिघांच्या फोटोंत सर्वांत चांगला आला. तारामती शिखरावर घिरट्या घालणारी घार मात्र पूर्ण झूमवर नुसती धूसर ठिपका झाली. लहान सेन्सरवरच्या शेवटच्या टोकाच्या झूमवर विसंबून पक्ष्यांचे बेत आखू नका.

तर निवड अशी: पावसाळी ट्रेक आणि बारीकसारीक फुलं-किडे असतील तर दणकट वॉटरप्रूफ. डोंगररांगा, गुहा, पहाट असतील तर एक इंची. दोन्ही हवं असेल तर मी एक इंचीच घेईन आणि पावसात फोनवर भागवेन. मित्राला हे अजिबात पटत नाही.

दुसऱ्या सकाळी तंबूतून काढलेल्या माझ्या कॅमेऱ्याच्या लेन्सला आतून बाष्प धरलं होतं. बाहेर येणारी लेन्स प्रत्येक उघडझाकीत ओली हवा आत ओढते, त्यामुळे दमट दिवसांत ती विनाकारण आत-बाहेर करू नका. पाउचमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि रात्री कॅमेरा त्यांच्यासोबत घट्ट झाकणाच्या डब्यात टाका. बॅटऱ्या छोट्या असतात. एक जादा बॅटरी लागतेच, आणि पॉवर बँकेवर थेट चार्ज होणारा कॅमेरा असेल तर चांगलं. वॉटरप्रूफ असला तरी झाकणाच्या रबरावर केस किंवा वाळूचा कण राहिला की पाणी आत शिरतं. तेव्हा बॅटरी किंवा कार्ड बदलायचं असेल तर आधी कॅमेरा पुसायचा, आडोशाला जायचं, आणि मगच झाकण उघडायचं.