पायनॅपल टोमॅटो: चव झकास, पण वाट बघून जीव जातो

ज्यांना घाई आहे त्यांनी हे वाण लावूच नये. चेरी टोमॅटो लावा, जुलैत मूठमूठ तोडून खा, सुखी राहा. मी न्यू जर्सीतल्या मागच्या अंगणात 'पायनॅपल' आणि 'ओल्ड जर्मन' लावले होते. दोन्ही जुनी दुरंगी वाणं. ओल्ड जर्मन तर व्हर्जिनियातल्या मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या समाजाने जपलेलं. बी घरात टाकणं, मेच्या मध्यावर दहिवराची भीती गेली की रोपं वाफ्यात लावणं, हे नेहमीसारखंच झालं.

वैताग सुरू झाला जुलैत. झाडं माझ्या डोक्याच्या वर गेली, फुलं भरपूर, फळ एक नाही. सकाळी बघावं तर फुलाच्या देठावर मध्येच जी गाठ असते तिथे पिवळं पडलेलं, आणि बोट लागताच फूल हातात. नर्सरीतला माणूस म्हणाला, खत वाढवा. खताचा काय संबंध? दिवसा 32 अंशांच्या वर आणि रात्रीही 22-23 च्या खाली उतरत नसेल तर परागकण नीट काम करत नाहीत, फूल गळतं. वर नायट्रोजन ओतलं तर नुसता पाला. दुपारी सावलीचं कापड, मुळाशी पाचोळ्याचा जाड थर आणि सकाळी फुलांच्या घोसाला हलकी टिचकी, एवढंच आपल्या हातात. बाकी उष्णतेची लाट ओसरायची वाट बघायची.

लाट ओसरली, फळं धरली, चांगली पाऊण पाऊण किलोची झाली. आणि हिरवीच राहिली. शेजारची साधी लाल वाणं पिकून संपत आली तरी आमची ढिम्म. त्या वेळी आई आली होती. ती रोज चहा घेऊन वाफ्याशी जायची आणि परत येऊन म्हणायची, "अगं, हिरव्यांचीच चटणी कर आता, तीळ-दाण्याचं कूट घालून." एकदा तर विळी काढून बसली! मोठ्या फळाला धरल्यापासून पिकायला दीड-दोन महिने लागतात, हे तिला सांगून उपयोग नव्हता. त्यात तापमान 30 च्या वर गेलं की लाल रंग तयार होणंच मंदावतं, पिवळा मात्र येत राहतो. म्हणजे ज्या लालीसाठी एवढा खटाटोप, तीच अडून बसते.

मग एका रात्री धो धो पाऊस झाला आणि पातळ सालीची दोन फळं देठापासून तडकली. तिसऱ्याला खारीने चावा घेऊन तसंच टाकून दिलं. पूर्ण खाल्लं असतं तर एवढा राग आला नसता.

म्हणून, बुडाशी गुलाबी झाक दिसली की फळ सरळ तोडा. तिथून पुढे ते ओट्यावर तितकंच छान पिकतं, ऊन लागत नाही. फ्रीजमध्ये अजिबात नको, वास मरतो. आणि पूर्ण लाल होण्याची वाट बघू नका, ते होतच नाही. खांद्याचा, म्हणजे देठाजवळचा, हिरवेपणा जाऊन पिवळं झालं आणि हलकं दाबल्यावर किंचित दबलं की झालं.

आडवं चिरलं तर पिवळ्या गरात मधूनच लाल शिरा पसरलेल्या, बिया अगदी थोड्या. आंबटपणा नावाला, गोडी मात्र फळासारखी. जाड चकत्या, मीठ, चिमूटभर जिरेपूड, बस. याचं सार करू नका, मिळमिळीत होतं. त्याला आपला साधा आंबट टोमॅटोच हवा. आईने पहिली फोड खाऊन दुसरी उचलली आणि चटणीचा विषय पुन्हा काढला नाही, यावर मी फार खूश आहे.

हो, आधार द्यायचं राहिलंच. दुकानातले तारेचे छोटे पिंजरे या झाडांपुढे टिकत नाहीत. सहा-सात फुटी खुंट्या रोप लावतानाच ठोका, नंतर ठोकल्या तर मुळं दुखावतात. बी ठेवायचं असेल तर गरासकट दोन-तीन दिवस आंबवून, धुऊन वाळवा. संकरित नसल्याने पुढच्या वर्षी तेच वाण उगवतं.