सहा डेसिबेलसाठी चार महिने

आमच्या सोसायटीच्या मीटर रूममध्ये, सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरखाली, पत्र्याचा एक डबा भिंतीला ठोकलेला होता. आठ कॅमेऱ्यांना बारा व्होल्ट पुरवणारा पॉवर सप्लाय. त्याच्या घरघरीमुळे आमच्या घरी सासऱ्यांना हवं असलेलं रेडिओ स्टेशन लागत नव्हतं. तो बदलून घ्यायला मला जून ते ऑक्टोबर असे चार महिने लागले. अँटेना, डाँगल (लॅपटॉपला जोडायचा छोटा रेडिओ रिसीव्हर), सॉफ्टवेअर हे बाकीचं सगळं पंधरा दिवसांत उरकलं होतं. दोन-तीन वर्षं झाली, तरी मीटर रूमवरून जाताना अजून चीड येते.

माझे सासरे, अण्णा, जुने रेडिओवेडे. लांबची स्टेशनं ऐकायची, रिसेप्शन रिपोर्ट लिहायचा आणि केंद्राकडून क्यूएसएल कार्ड, म्हणजे ऐकल्याची पोच, आलं की ते पत्र्याच्या पेटीत जपून ठेवायचं, हा त्यांचा पन्नास वर्षांचा नेम. आकाशवाणीने मीडियम वेव्हवर डीआरएम पद्धतीचं डिजिटल प्रसारण सुरू केल्याचं त्यांनी वाचलं होतं आणि त्यांच्या मनात राजकोट भरलं होतं: १०७१ किलोहर्ट्झ, १००० किलोवॅट. नाशिकपासून सरळ रेषेत सुमारे चारशे किलोमीटर. "रात्री कुणीही ऐकेल. भरदिवसा लागलं पाहिजे," म्हणाले. मोबाइलवर ॲप उघडून दिलं, तर त्यांनी हातसुद्धा लावला नाही. त्यांना आवाज हवेतून यायला हवा होता. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला, त्यामुळे हे काम माझ्याकडे आलं आणि मलाही ते मनापासून करायचं होतं.

डिजिटलची गंमत आणि जाच एकच. साध्या मीडियम वेव्हवर स्टेशन क्षीण असलं तरी खरखरीतून शब्द कळतात. इथे तसं नाही. एक पातळी गाठली की आवाज स्वच्छ, तिच्या किंचित खाली गेलं की तुकडे आणि मग शांतता. ड्रीम नावाच्या मोफत सॉफ्टवेअरवर सिग्नल आणि गोंगाट (विजेच्या उपकरणांची वगैरे खरखर) यांचं गुणोत्तर डेसिबेलमध्ये दिसतं. आमच्याकडे राजकोट दुपारी ११ दाखवायचं. माझ्या अनुभवाने तो आकडा १५च्या वर ठाम राहिला, तरच गाणं अखंड ऐकू येतं. चार-सहा डेसिबेलचा प्रश्न होता.

लोक इथे लगेच ॲम्प्लिफायर विकत घेतात. घेऊ नका. तो सिग्नलइतकाच गोंगाटही वाढवतो. मी आधी लूप, म्हणजे तारेच्या वेढ्यांची अँटेना, बांधला. लाकडी पट्ट्यांचा दोन फुटांचा फुलीसारखा सांगाडा, त्यावर एनॅमलच्या तांब्याच्या तारेचे अकरा वेढे, टोकांना जुन्या रेडिओतला गँग (स्टेशन लावायचा फिरता कपॅसिटर) आणि आत एक सुटा वेढा, तो केबलने डाँगलकडे. अण्णांनी वेढे मोजत तार ताणून धरली. लूपचा मोठा गुण म्हणजे त्याला दिशा आहे. त्याची कड ज्या दिशेला, तिकडचं ऐकू येतं आणि काटकोनातलं दबतं. नाशिकहून राजकोट वायव्येला आणि मुंबई नैर्ऋत्येला, जवळजवळ काटकोनातच. लूप राजकोटकडे वळवला की मुंबई केंद्राचं १०४४ किलोहर्ट्झ आपोआप खाली बसतं आणि स्वस्त डाँगल त्या जवळच्या दणक्याने गुदमरत नाही. ही आम्हाला फुकट मिळालेली भेट.

हो, लूप फार टोकदार ट्यून होत असेल तर ते डिजिटलला मारक ठरतं. डीआरएमचा सिग्नल नऊ-दहा किलोहर्ट्झ रुंद असतो आणि पडद्यावर तो सपाट टेबलासारखा दिसायला हवा. आमचं टेबल दोन्ही कडांना उतरतं होतं. गँगला समांतर ४७ किलोओहमचा एक रेझिस्टर जोडला आणि टेबल सरळ झालं.

मग घरातला गोंगाट. लॅपटॉप बॅटरीवर ठेवला, घराचा मेन बंद केला आणि आकडा पाहिला. ११चा १३ झाला. म्हणजे दोन डेसिबेल आमच्याच घरात अडकले होते. मग एकेक एमसीबी वर करत गेले. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, स्वयंपाकघरातला स्वस्तातला एलईडी दिवा आणि मोबाइलचा एक चार्जर, असे तिघे सापडले. तिन्ही बदलले. लॅपटॉपचा स्वतःचा चार्जरही ऐकताना काढून ठेवायचा, हे लिहायचं राहत होतं.

तरी १५ गाठेना. पडद्यावर दर पासष्ट किलोहर्ट्झच्या आसपास एक उंचवटा दिसायचा आणि त्यातला एक बरोबर राजकोटच्या डोक्यावर बसलेला. एसएमपीएस जातीच्या, म्हणजे वीज झपाट्याने चालू-बंद करून व्होल्टेज उतरवणाऱ्या, सप्लायची ही खूण. संध्याकाळी सात वाजले की हे उंचवटे किंचित सरकायचे. हे का, ते मला तीन दिवस कळेना. मग अण्णांचा खिशातला ट्रान्झिस्टर दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी लावून मी जिना उतरत गेले. प्रत्येक मजल्यावर घरघर वाढत गेली आणि मीटर रूमच्या दाराशी ती इतकी झाली की वॉचमन उठून उभा राहिला. आत तो डबा. अंधार पडला की कॅमेऱ्यांचे इन्फ्रारेड दिवे लागतात, सप्लायवरचा भार वाढतो आणि उंचवटे सरकतात. कोडं सुटलं. मला वाटलं, काम झालंच.

सेक्रेटरी काकांना सांगितलं. "वहिनी, अर्ज द्या." दिला, सोबत आठ दिवसांच्या नोंदींचा तक्ता जोडून. नवा चांगला, फिल्टर असलेला सप्लाय मी माझ्या पैशाने आणून देते, सोसायटीला एक रुपयाचा खर्च नाही, असंही स्पष्ट लिहिलं. जूनची कमिटी मीटिंग होऊन गेली होती. जुलैच्या मीटिंगला कोरम भरला नाही. ऑगस्टमध्ये विषय निघाला तेव्हा प्रश्न आला, "तुम्ही गॅलरीत टॉवर लावलाय ना? त्याचं रेडिएशन किती?" मी लूप खाली आणून दाखवला. लाकूड आणि तार. यातून काही बाहेर जात नाही, फक्त आत येतं, असं तीनदा सांगितलं. उत्तर मिळालं, "कॅमेऱ्यांचा ठेकेदार काय म्हणतो ते बघू." ठेकेदार म्हणाला, देखभालीचा करार आहे, बाहेरचा सप्लाय लावला तर आमची जबाबदारी राहणार नाही. मग गणपती आले.

वार्षिक सर्वसाधारण सभा कायद्याने ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, म्हणून ती झाली. माझा विषय 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय' या शेवटच्या कलमात टाकलेला. पार्किंगवरच दोन तास गेले. माझा विषय आला तेव्हा निम्मी माणसं वडापाव घेऊन घरी गेली होती. "कॅमेरे बंद असताना चोरी झाली तर?" असं एकाने विचारलं. दहा मिनिटांचं काम आहे, मी सांगितलं. शेवटी ठरलं की मी शंभराच्या स्टॅम्प पेपरवर हमीपत्र द्यायचं. स्वतःच्या पैशाने सोसायटीची वस्तू चांगली करून देणाऱ्याकडून हमीपत्र! मी तेही दिलं. ते पुढे कपाटात पडून राहिलं, कारण ठेकेदाराला फोन करायचा कोणी, हे सभेत ठरलंच नव्हतं.

मी तक्ते, आकडे, आलेख देत राहिले आणि ते कुणीच वाचले नाहीत. इथे माझं चुकलं, असं आज वाटतं. तुमच्यावर अशी वेळ आली तर कागद देण्याआधी कान द्या. ऑक्टोबरमध्ये, दसऱ्यानंतर, मी ट्रान्झिस्टर घेऊन सेक्रेटरी काकांच्या दारात गेले. त्यांचं घर पहिल्या मजल्यावर, मीटर रूमच्या बरोबर वर. त्यांच्या आई सोफ्यावर बसल्या होत्या. रेडिओ हातात दिसताच म्हणाल्या, "आमचं मुंबई लागत नाही गं दोन वर्षं झाली. अस्मिता लावायचे मी रोज सकाळी. रेडिओ दोनदा दुरुस्त केला, मेला नुसता घुरघुरतो." कॅमेरे बसून दोनच वर्षं झाली होती.

मी काकांना म्हटलं, खाली चला आणि तुमच्या हाताने तो स्विच बंद करा, दोनच मिनिटं. ते गेले. मी आजींच्या रेडिओवर ५५८, म्हणजे मुंबईची अस्मिता वाहिनी, लावून ठेवलं होतं. घरघर एकदम थांबली आणि निवेदिकेचा आवाज खोलीत आला. आजींनी हातातली जपमाळ खाली ठेवली. काका वर आले आणि दारातच उभे राहून ऐकत राहिले. त्यांनी तिथूनच ठेकेदाराला फोन लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला नवा सप्लाय बसला. त्याच्या बाहेर जाणाऱ्या तारा मी गोंगाट अडवणाऱ्या फेराइटच्या रिंगमधून सात-आठ वेळा ओवून घेतल्या. कॅमेरे बारा मिनिटं बंद होते.

त्या दुपारी १७ आले. ११ ते १७, सहा डेसिबेल.

आणि तरीही आवाज नव्हता. ड्रीमचे सगळे दिवे हिरवे, स्टेशनचं नाव पडद्यावर आणि स्पीकर मुका. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. कारण साधं निघालं. आकाशवाणीच्या डीआरएममध्ये एक्सएचई-एएसी हा नवा कोडेक, म्हणजे आवाज आकसून पाठवायची पद्धत, वापरतात आणि ड्रीमची माझी जुनी आवृत्ती तो उलगडू शकत नव्हती. नवी आवृत्ती आणि तिच्यासोबतची कोडेकची फाइल टाकली आणि झालं. हे सुरुवातीलाच तपासा. दिवे हिरवे असतील तर अँटेनाला दोष देऊ नका.

रात्रीचंही एक सांगते. सूर्य मावळला की लांबची स्टेशनं आकाशातून परावर्तित होऊन येतात आणि राजकोटचा जोर खूप वाढतो. पण तो लाटेसारखा येतो-जातो, मध्येच दुसरं कुणी त्याच्यावर चढतं. आमच्याकडे सकाळी दहा ते दुपारी चार हाच स्थिर वेळ. नोंदी ठेवताना रोज एकाच वेळेला ठेवा, नाहीतर सुधारणा झाली की नुसती संध्याकाळ झाली, ते समजणार नाही.

पहिल्यांदा आवाज आला त्या दिवशी अण्णा जेवून वामकुक्षीला निघाले होते. मी स्पीकरचा आवाज मोठा केला. उर्दू सेवेतलं एक जुनं गाणं लागलं होतं, मागे जराही खरखर नाही. ते परत फिरले, खुर्ची ओढून बसले आणि घड्याळ पाहिलं. मग चष्मा लावून वहीत तारीख, वेळ, १०७१, १७ डेसिबेल असं लिहिलं आणि मला म्हणाले, "एक पोस्टाचं पाकीट आण."