फोडणीच्या वेळी गाणं बंद

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आमच्याकडे जेवायला येणारं जवळजवळ प्रत्येक माणूस हे विचारतं: स्वयंपाकघरात दिवसभर गाणं चालू असतं, मग फोडणी देताना नेमकं बंद का करता?

त्याला कारण माझा अप्पामामा. मिरजेतला आचारी. लग्नामुंजीत दोन-तीनशे माणसांच्या पंगती सहज उठवायचा. जिलबीच्या पाकात आल्याचा रस घालायचा. वधूपिते आधी कुरकुरायचे, मग दुसऱ्यांदा मागून घ्यायचे. पण जीव सगळा गाण्यात.

घरात घड्याळ होतं, तरी शेगडी चालायची चावीच्या फोनोवर. जुन्या, 78 फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू साधारण तीन मिनिटांची. घरच्यापुरत्या शिऱ्याचा रवा मंद आचेवर चार बाजू भाजायचा. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी लागली की मात्र हिशेब चुकायचा. ती संपली की तो सुई पुन्हा कडेला ठेवायचा, रवा तांबूस व्हायचा आणि मामी ओरडायची. मला तोच शिरा आवडायचा.

खाँसाहेब 1937 साली गेले. मामाचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. पण त्यांची कबर मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात आहे, आणि उरुसात तिथे गाणं असतं. त्या दिवसांत तो लग्नाची सुपारी घेत नसे. एकदा घेतली. बासुंदी आटत ठेवून ‘जरा ऐकून येतो’ म्हणून गेला, ती खाली लागली. त्याने पैसे घेतले नाहीत. पश्चात्तापही केला नाही, हे आता सांगायला हरकत नाही.

दुपारी तो सतारमेकर गल्लीत जाऊन बसायचा. तंबोऱ्याचे भोपळे पंढरपूरकडून येतात. ते कडू असतात, म्हणून त्यांना कीड लागत नाही. माझं कारल्याचं पंचामृत फसलं तेव्हा चव घेऊन म्हणाला, ‘आता याला तारा लाव.’

तर फोडणी. तेलात मोहरी टाकली की तो हात वर करायचा. फोनो बंद, मामी गप्प, मी गप्प. तडतड आधी विरळ, मग एकदम दाट. पुन्हा विरळ व्हायला लागली की हिंग. ‘अगं, डोळ्यांना दिसेपर्यंत करपलेली असते,’ म्हणायचा.

साठीनंतर त्याला ऐकू येईनासं झालं. कानाचं यंत्र आणलं, तर म्हणे तंबोरा पत्र्यासारखा वाजतो. ते डबीत गेलं. फोनोवरही कापड पडलं. सुट्टीत मी गेले की तो मोहरी टाकायचा आणि माझ्या तोंडाकडे बघत राहायचा. गाणं लावलेलं नसायचं, तरी हात वर.

मी मान हलवली की हिंग.