एक मोबाइल, एक स्पीकर आणि वर्गातली वेगवेगळी मुलं

खानापूर, बेळगाव, निपाणी भागातल्या मराठी शाळेत एखादं मूल कन्नड वाचताना अडखळलं, की "याचं लक्षच नाही" असं पटकन म्हटलं जातं. खरं तर प्रत्येकाची अडायची जागा वेगळी असते. एकाला अक्षरच ओळखता येत नाही. दुसऱ्याला अक्षर येतं, पण घरात कन्नड कानावरच पडत नाही. तिसऱ्याला फळा धूसर दिसतो. तिघांपुढे एकच व्हिडिओ लावला, तर बोर्ड कितीही स्मार्ट असो, तिघेही होते तिथंच राहतात.

म्हणून आधी दहा मिनिटांची एक तपासणी करा. पाच-सहा ओळींचा उतारा मुलाला स्वतः वाचू द्या आणि दोन प्रश्न विचारा. मग तेवढाच अवघड दुसरा उतारा तुम्ही वाचून दाखवा, पुन्हा दोन प्रश्न. ऐकून कळलं आणि वाचून नाही, तर अडचण बहुधा अक्षरांत आहे. ऐकूनही कळलं नाही, तर बहुधा भाषेत. पण मुलाला नीट ऐकू येतं का, हेही त्याच वेळी बघून घ्या.

भाषेत अडलेल्या मुलासाठी सगळ्यात उपयोगी पडतो तो मोबाइलचा साधा रेकॉर्डर. कन्नडात ए आणि ओ हे स्वर ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन-दोन आहेत. मराठी कानाला तो फरक सहसा जाणवत नाही. 'कॊडु' (ऱ्हस्व ओ) म्हणजे दे, 'कोडु' (दीर्घ ओ) म्हणजे शिंग. ओ किती लांबवला यावर अर्थ ठरतो. उलट 'बॆलॆ' म्हणजे किंमत आणि 'बॆळॆ' म्हणजे पीक, हा ल-ळ चा फरक मराठी मुलं लगेच पकडतात. सुरुवात अशा सोप्या जोडीपासून करा, म्हणजे मुलाला धीर येतो. कन्नड घरात वाढलेल्या माणसाच्या आवाजात आठ-दहा जोड्या रेकॉर्ड करून घ्या. प्रत्येक शब्द दोनदा, मध्ये तीन सेकंद मोकळे. त्या तीन सेकंदांत मूल शब्द म्हणतं. साध्या दर्जाची (मोनो, ६४ केबीपीएस) एमपी३ फाइल मिनिटाला साधारण अर्धा एमबी होते. कणकुंबी-जांबोटीकडे पावसात नेटवर्क गेलं तरी मेमरी कार्डावरची फाइल वाजतेच.

अक्षरांत अडलेल्या मुलाला आवाज आणि छापील ओळ एकाच वेळी मिळायला हवी. बोट ओळीवर, वेग पाऊणपट. नुसतं ऐकवलं तर मूल धडा पाठ करतं, वाचत नाही. मोबाइलच्या यांत्रिक आवाजाकडून वाचून घ्यायचं असेल, तर मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही फोनवर तसाच वाचता येणाऱ्या अक्षरांत हवा. जुन्या श्रीलिपी किंवा नुडी फॉन्टमधली फाइल कॉपी केली की भलतीच चिन्हं येतात. अशा वेळी छापील पानाचा उजेडात, सरळ वरून फोटो काढून गूगल लेन्सने मजकूर उचला आणि जोडाक्षरं डोळ्यांखालून घाला. चुका तिथंच होतात.

स्वतः मराठी पत्रकं छापत असाल तर एक बारीक गोष्ट सांभाळा. बऱ्याच फॉन्टांत ल आणि श हिंदी वळणाचे येतात. पुस्तकात एक वळण आणि पत्रकात दुसरं दिसलं, की आधीच चाचपडणारं मूल गोंधळतं. अक्षर २० ते २४ पॉइंट, ओळींत दीडपट अंतर. धूसर दिसणाऱ्या मुलालाही हेच पत्रक चालतं. प्रोजेक्टरपेक्षा ते बरं, कारण खिडकीच्या उजेडात पडद्यावरचं फिकट पडतं. चष्म्याची तपासणी मात्र टाळू नका.

हात वर न करणाऱ्या मुलांसाठी प्लिकर्स या अॅपची कागदी कार्डं वापरा. मूल उत्तराची बाजू वर धरतं, शिक्षकांचा एकच फोन सगळी कार्डं टिपतो. प्रत्येकाच्या कार्डावरची आकृती वेगळी असल्यानं शेजाऱ्याचं बघून उपयोग नसतो. चकचकीत लॅमिनेशन करू नका, प्रकाश उसळला की कॅमेरा कार्ड वाचत नाही. यासाठी इंटरनेट लागतं. ते नसेल तेव्हा चार रंगांच्या कार्डांवर भागवा.

लिहायला फार वेळ लागणाऱ्या मुलाला आवाजावरून टायपिंग करू द्या. मात्र आपल्याकडचं "काय करूलास" (काय करतोयस) मोबाइलला बहुधा कळणार नाही, तो दुसरंच काही टाइप करेल. मुलाचं बोलणं चुकलं असं तेव्हा म्हणू नका. त्याला हवं तसं बोलू द्या, शब्द तुम्ही दुरुस्त करा; प्रमाण रूप दुसऱ्या दिवशी, वेगळ्या तासाला शिकवा.