त्रेचाळिसाव्या वर्षी पांढरा बेल्ट

कराटेच्या क्लबमध्ये नाव घालायचे म्हणजे आधी कोणीतरी आपल्या अंगबळाची परीक्षा घेईल, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात मला केवळ एक अर्ज भरावा लागला, ज्यात गुडघे, पाठ, रक्तदाब आणि जुन्या दुखापती यांविषयी विचारले होते. मग सेन्सेईंनी, म्हणजे प्रशिक्षकांनी, सांगितले की पहिले दोन वर्ग नुसते येऊन पाहा आणि नंतर काय ते ठरवा. याआधी दुसऱ्या एका क्लबने एकही वर्ग न दाखवता वर्षभराची फी आगाऊ मागितली होती, त्यामुळे हा मोकळेपणा मला भावला. सरावात प्रत्यक्ष मार कितपत बसतो आणि बेल्टच्या परीक्षेची फी वेगळी द्यावी लागते का, हे मात्र मी पहिल्याच दिवशी विचारून घ्यायला हवे होते. क्लब शोतोकान शैलीचा होता. गोजू-रियू, शितो-रियू आणि वादो-रियू या अन्य प्रमुख शैलींत पवित्रे आणि हालचालींची धाटणी वेगळी असते, पण नवख्याने शैलीपेक्षा शिकवणारा माणूस पारखावा, असे माझे मत आहे.

गणवेशाची घाई कोणी केली नाही. पहिला महिना मी साध्या ट्रॅक पँटवरच काढला. नखे कापलेली असावीत, अंगठी आणि घड्याळ काढून ठेवावे आणि पाय अनवाणी असावेत, एवढेच नियम होते. अनवाणी पायांवर वळण्याची सवय नसल्यामुळे दुसऱ्या आठवड्यात चवड्याला फोड आले, ज्याची कल्पना मला कोणीही दिली नव्हती.

खरी अडचण शरीराची नव्हतीच. वर्गाच्या सुरुवातीला सगळे वयाने नव्हे, तर बेल्टच्या क्रमाने रांगेत उभे राहतात, आणि त्या क्रमाने मी शेवटी, दहा-अकरा वर्षांच्या मुलांच्याही खाली होतो. गुडघ्यांवर बसून नमस्कार, मग जपानी आकड्यांच्या तालावर तेच ठोसे, त्याच लाथा, तेच हात आडवे घालून वार अडवणे. याला किहोन म्हणतात आणि पहिल्या तीन महिन्यांचा बहुतेक वेळ यातच जातो. पुढचा गुडघा वाकवून मागचा पाय ताठ ठेवण्याचा झेनकुत्सु-दाची हा पवित्रा पाहायला सोपा आहे, परंतु त्यात पाच मिनिटे पुढे-मागे सरकल्यावर मांड्या थरथरू लागतात. तशात शेजारची मुलगी हळूच म्हणाली, “काका, दुसरी मूठ कमरेला घ्या.” तिचे बरोबर होते. एक हात ठोसा मारताना दुसरा तितक्याच जोराने मागे ओढायचा असतो, आणि माझा तो हात हवेत लोंबकळत होता.

मुलांबरोबर शिकण्याचा संकोच थोडा कमी झाला तो पहिल्या काताची हकिकत कळल्यावर. काता म्हणजे काल्पनिक प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचाली. शोतोकानमध्ये आरंभी शिकवला जाणारा हेआन शोदान हा ज्या मालिकेतला आहे, ती आन्को इतोसु या कराटे शिक्षकांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओकिनावा या जपानी बेटावरच्या शाळकरी मुलांसाठी बांधली. पुढे १९२२ साली टोकियोत कराटेचे प्रात्यक्षिक देणाऱ्या गिचिन फुनाकोशी यांनी तिचे पिनान हे नाव बदलून हेआन केले. म्हणजे मुलांच्या वर्गात मी घुसलो नव्हतो. अभ्यासक्रमच मुळात त्यांचा होता. एकवीस हालचालींचा हा काता नीट केला, तर माणूस जिथून निघाला तिथेच येऊन थांबतो. मी पहिले कित्येक आठवडे दोन पावले बाजूला, कधी भिंतीसमोर संपत असे.

कुमिते, म्हणजे जोडीने लढण्याचा सराव, याची मला धास्ती होती. नवख्यांसाठी तो ठरवून केलेला असतो: समोरचा कुठे मारणार हे आधी सांगतो, एक पाऊल पुढे येतो, ठोसा अंगाला लागण्यापूर्वी थांबवतो, आणि आपण अडवून उलट वार करायचा असतो. मुक्त लढत पुष्कळ नंतर येते, तीही हातमोजे आणि दातांचे संरक्षक घालून.

चौथ्या महिन्यात परीक्षा झाली. काळ्या बेल्टखालच्या श्रेणींना क्यू म्हणतात आणि त्यांचे आकडे उतरत जातात, म्हणून नववा क्यू आठव्याच्या खालचा. बेल्टचे रंग मात्र संस्थेगणिक बदलतात. कातात मी एका वळणावर उजवीऐवजी डावीकडे वळलो. परीक्षकांनी थांबवले, पुन्हा पहिल्यापासून करायला लावले, आणि उत्तीर्ण केले. नवा बेल्ट मी घरी तीनदा बांधून पाहिला, तरी पुढच्या वर्गात एक टोक गुडघ्यापर्यंत लोंबत होते; त्याच मुलीने तो सोडून पुन्हा बांधून दिला आणि रांगेतल्या आपल्या जागेवर, माझ्याहून दोन माणसे वर, जाऊन उभी राहिली.